चार्को ओंदोच्या नावावर

फाट्यावरचा बसथांबा
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

कोमाद्रे एलुतेरिया,

तुम्ही दार लावलंत तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. "त्या नळ्यांवर मी" एवढंच मी बोललो होतो. मग कडी वाजली. उरलेलं वाक्य इथे लिहितो आहे. बसला दीड तास आहे आणि पिशवीत नोंदीचे जुने कागद आहेत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितो. पलीकडे छापलेलं वाचू नका. वजन, शेपटीची लांबी, नर की मादी, एवढंच आहे.

तुमची तब्येत बरी असेल. ताचोचा खोकला कमी झाला असेल, विटभट्टीवर त्याला निदान वेळेवर जेवण मिळत असेल. आईचे गुडघे दुखतात, बाकी ती बरी आहे, तुमची आठवण काढते. मी बरा आहे. पत्रात हे आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

आज तुम्ही मला "तू" म्हणालात. तुमच्या आणि ताचोच्या लेकीला, मारिक्रूसला, कडेवर घेऊन मी तिचा पाद्रिनो, मानलेला बाप, म्हणून चर्चमध्ये उभा राहिलो, तिच्या डोक्यावर पाणी पडलं, त्या दिवसापासून आपण एकमेकांना कोंपाद्रे आणि कोमाद्रे म्हणतो, आणि "तुम्ही" म्हणतो. त्याआधी याच फाट्यावरच्या शाळेत एका बाकावर बसून आपण एकमेकांच्या वह्या फाडल्या होत्या. अठरा वर्षं ते "तुम्ही" टिकलं. बाजारात भांडतानासुद्धा तुम्ही मला "तुम्ही गाढव आहात" म्हणायचात.

"आता काय न्यायला आलास? राख?"

"कोमाद्रे, मी डॉक्टरांच्या कामासाठी आलो नाही."

"मग कोणाच्या? तुझं स्वतःचं असं काही काम असतं होय रे?"

होतं. त्यासाठीच आलो होतो.

सोमवारी आईचा फोन आला. नर्सिंगच्या वसतिगृहातून कोणी बाई बोलल्या म्हणे. मारिक्रूसनं अर्जावर गाव आमचं, नोरिया सेका, लिहिलंय, पत्ता आईच्या घरचा दिलाय, खरं का? आई म्हणाली, "खरं. माझी नात आहे." मग तिनं मला फोन लावला. "तुझ्या मानलेल्या लेकीनं माझं घर चोरलं," म्हणाली आणि हसत सुटली. "घेऊ दे. घर काय झिजतंय का?"

मी मारिक्रूसला भेटायला गेलो. ती फाटकापाशी आली. अजून मला पाद्रिनो म्हणते, म्हणजे तुम्ही तिच्यापाशी माझ्याबद्दल वाईट बोललेला नाहीत. तिनं सांगितलं, अर्ज घेणाऱ्या बाईंनी चार्को ओंदो हे नाव वाचलं, अर्ज टेबलाच्या कडेला ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली. नंतर म्हणाल्या, तुमच्या गावच्या मुलींना आधी तपासणीचा दाखला लागेल, आणि तो कुठे मिळतो ते आम्हाला माहीत नाही. मारिक्रूस खाली गेली, नवा अर्ज घेतला आणि नोरिया सेका लिहून दुसऱ्या खिडकीवर दिला.

"नोरिया सेकाचं नाव स्वच्छ आहे ना, पाद्रिनो. तिथले उंदीरसुद्धा स्वच्छ!" ती खूश होती. हुशारी करून पार पडलेल्या माणसासारखी. मग तिनं विचारलं, "चुकलं का माझं?"

मी म्हणालो, "नाही."

कोमाद्रे, डॉक्टरांना उंदरांत सापडलेला तो विषाणू तुमच्या टेकडीवरचा नाही. तो नोरिया सेकाचा आहे, आमच्या टेकडीवरचा. ज्या नळ्यांत तो सापडला त्यांतली एकही नळी चार्को ओंदोत भरलेली नव्हती. हे ते उरलेलं वाक्य.

आता कसं झालं ते. तीन वर्षांपूर्वीचा कांदेलारियाचा सण तुम्हाला आठवत असेल. सहा जानेवारीच्या गोड पावात बाहुली ताचोच्या दाताखाली आली होती, म्हणून रीतीप्रमाणे फेब्रुवारीतल्या त्या सणाला सगळ्या आळीला मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल त्यानं घालायचे होते, आणि तुम्ही त्याला शिव्या घालत मका दळत होतात. मी चार दिवस तुमच्या टेकडीवर डॉक्टरांच्या तपासणीसाठी उंदीर पकडायला साठ पिंजरे लावून बसलो होतो. आमिष म्हणून ओट आणि शेंगदाण्याचा लगदा, डॉक्टरांनी सांगितला तसा. साठ पिंजऱ्यांत मिळून एक सरडा आणि कुणाचं तरी मांजराचं पिल्लू सापडलं.

तुम्ही म्हणालात, "कोंपाद्रे, उंदीर काय पाहुणा आहे, दार उघडं दिसलं की आत यायला? त्याला पहारीनं खणून काढावं लागतं. तुमच्या डॉक्टरबाईंना म्हणावं पुस्तक मिटा आणि एकदा माझ्याबरोबर चला."

ताचो म्हणाला, "उद्या मी येतो की पहार घेऊन. आज माझे हात तमालात आहेत."

दुसऱ्या दिवशी ताचो उठलाच नाही. मी दोनदा हाक मारली. तुम्ही आतून म्हणालात, "त्याच्यातच तुमची तपासणीची काडी घालून बघा, काय निघतं ते." मी हसलो, पण माझ्या नमुन्यांच्या टाकीतला बर्फ संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. डॉक्टरांना मी जाण्याआधी सांगून ठेवलं होतं की माझ्या कोमाद्रेच्या टेकडीवर प्रत्येक निवडुंगाखाली उंदीर आहे. मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. रिकामी टाकी घेऊन परत जायची मला लाज वाटली.

म्हणून मी नोरिया सेकाला गेलो. मामानं कुत्रा आणि पहार घेतली. दुपारपर्यंत एकतीस झाले. आईनं परसात चूल पेटवली होती. मी प्रत्येकाच्या घशात आणि मागे कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत मोडायची, लेबल चिकटवायचं, मग मामानं कातडं सोलायचं. असं चाललं होतं. डॉक्टरांचा नियम असा होता की जनावर जिवंत पकडायचं आणि तपासून सोडून द्यायचं.

"झालं का तुझं? पाणी उकळून आटलं," आई म्हणाली. "मेलेल्याच्या घशात काड्या घालून काय विचारतोस रे? कशानं मेलास म्हणून? मामाला विचार की."

मामा म्हणाला, "पहारीनं."

लेबलं आधीच छापलेली असतात. परवानगी ज्या गावाची, त्या गावाचं नाव. तुमच्या लिबोरिओनं गावप्रमुख म्हणून सही केली होती, शिक्का मारला होता. नोरिया सेकाची परवानगी कुणी मागितलीच नव्हती. तिथली नळी म्हणून लिहिलं असतं तर ती कचऱ्यात गेली असती. मी स्वतःला सांगत आलो की मी चार्को ओंदो हे नाव लिहिलं नाही, फक्त चिकटवलं. एकतीस वेळा चिकटवलं.

आईनं विचारलं, "काय लिहिलंय त्यावर?"

"चार्को ओंदो."

"असू दे. मोठेपणा त्यांनाच आवडतो."

मग आम्ही जेवलो. अकरा माणसं, रस्सा, मिरची, मक्याच्या भाकऱ्या. पुढे एकतिसांपैकी चार उंदरांत तो विषाणू निघाला. कोणते चार आणि कुणाच्या ताटात गेले ते कळायला मार्ग नाही. मामाला दुसऱ्या दिवशी ढेकर येत होते. बाकी कुणाला काही झालं नाही.

बस दिसते आहे. पूर्वी ती तुमच्या दारापुढे थांबायची. आज इकडे येताना ड्रायव्हर म्हणाला, "चार्को ओंदोवाले कोण आहेत? खिडक्या उघडा रे बाकीच्यांनी." सगळे हसले. त्यांना माहीत नव्हतं मी कुठे चाललोय. मीही हसलो.


शहर, संध्याकाळी

बस आली म्हणून थांबलो असं लिहिणार होतो. खरं म्हणजे पेन त्याआधीच थांबलं होतं.

प्रयोगशाळेच्या मोरीत बसून लिहितो आहे. इथे पिंजरे धुतात. माझं निम्मं आयुष्य याच मोरीत गेलं.

तो सापडला त्या दिवशी डॉक्टर सेर्मेन्यो जिना उतरून धावत इथे आल्या होत्या. माझ्या हाताला साबण होता. "फिदेन्सिओ, हा जगात कुणी पाहिलेला नाही! करोनाच्या कुळातला, पण ओळखीच्या कुणाशीही जुळत नाही. तुमच्या उंदरांत!" त्यांचे डोळे भरले होते. त्या वाईट नाहीत, कोमाद्रे. अकरा वर्षं त्या उंदीर, चिचुंद्र्या आणि वटवाघळं तपासत होत्या आणि त्यांना दर वेळी तेच जुने विषाणू सापडत होते. दुसऱ्या दिवशी केक आणला. सुरी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, पहिला तुकडा टेकडीवर चार दिवस राहिलेल्या माणसाचा.

मी केक कापला. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत सातजण होते आणि एकतीस नळ्या कचऱ्यात गेल्या असत्या, कदाचित माझी नोकरी गेली असती. तेवढंच. तुमची टेकडी तेव्हा हिरवी होती.

डॉक्टरांनी त्या विषाणूला गावाचं नाव दिलं. नवीन सापडला की जिथे सापडला तिथलं नाव लावायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. त्यांना वाटलं, गावाचा मान झाला. तुम्हालाही वाटलं होतं. लिबोरिओनं तो छापील लेख शाळेच्या भिंतीवर खिळे ठोकून लावला. "आमचं नाव इंग्रजीत!" म्हणाला. तुम्ही मला विचारलंत, "यात माझं नाव कुठे आहे? टेकडी तर माझ्या आजोबांनी राखली." मी शेवटच्या पानावरचं आभाराचं वाक्य दाखवलं. तुम्ही नखानं त्याखाली रेघ ओढलीत.

त्याच लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे की हा विषाणू माणसाला बाधतो असा कुठलाही पुरावा नाही. मला ते वाक्य पाठ आहे. वर्तमानपत्रानं ते छापलं नाही. त्यांनी तुमच्या बाजारातल्या टेबलाचा फोटो छापला. सोललेले उंदीर ओळीनं मांडलेले, आणि वर मोठ्या अक्षरांत चार्को ओंदोचा करोना.

पुढचं तुम्हाला मी काय सांगणार. आजारी माणसाला उंदराचा रस्सा पाजायचा म्हणून पहाटे येऊन रांगेत उभं राहणाऱ्या बायका तुमच्याकडे न बघता जायला लागल्या. टेबल संडासाच्या भिंतीकडे हलवलं. चीज कुणी घेईना, निवडुंगाची बोंडं कुणी घेईना, तुमच्या गावच्या माणसाला कामावर कुणी घेईना. दुसऱ्या गावच्या बाजारात आईचा उंदरांचा धंदा मात्र वाढला. चार्को ओंदोचे नकोत, नोरिया सेकाचे द्या, असं गिऱ्हाईक म्हणायचं. आईनं नवीन पातेलं घेतलं.

आता सभेचं लिहितो. सकाळपासून याच्या भोवती फिरतो आहे.

गेल्या एप्रिलचा शेवटचा रविवार. शाळेच्या आवारात सगळं गाव. टेकडीवरचा निवडुंग जाळायचा की नाही, एवढाच विषय होता. लिबोरिओ म्हणत होता, जाळला तर उंदीर राहणार नाहीत, उंदीर नाहीत तर रोग नाही, वर्तमानपत्रवाल्याला बोलावू, त्याच्यासमोर जाळू, मग आपलं नाव धुऊन निघेल. तुम्ही उभ्या राहिलात.

"आणि खायचं काय? धुतलेलं नाव?"

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "एलुतेरियाला उंदरांची काळजी, आम्हाला पोरांची!"

"तुझी पोरं माझ्याच रस्स्यावर उठून बसली होती रे, विसरलास?"

मग ताचो बोलला. तो कधी सभेत बोलत नाही. म्हणाला, "आपला कोंपाद्रे बसलाय ना इथे. तो रोज हेच काम करतो. त्याला विचारा. तो म्हणाला जाळा तर मी पहिली काडी लावीन. तो म्हणाला नको, तर मी कुणाला टेकडीवर पाय ठेवू देणार नाही."

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. तुम्हीही वळलात. तुमच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तुम्हाला वाटलं, आता हा सांगेल आणि सुटलो.

मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं."

डॉक्टरांनी काहीच ठरवायचं नव्हतं. डॉक्टरांना सभा आहे हे माहीतही नव्हतं. मी त्यांना कळवलं असतं तर त्या स्वतः येऊन म्हणाल्या असत्या की जाळू नका. म्हणूनच मी कळवलं नाही. त्या आल्या असत्या तर पुन्हा नळ्या भरल्या असत्या, तुमच्या टेकडीवर काही सापडलं नसतं, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

ताचोनं माझ्या उत्तराचा अर्थ हो असा घेतला. दुसरा कुठला घेणार? मी नाही म्हणालो नव्हतो.

तीन दिवस जळत होती. निवडुंगाचे फड फुटताना आवाज व्हायचा तो फाट्यापर्यंत ऐकू यायचा. वर्तमानपत्रवाला आलाच नाही. ताचोनं तीन दिवस धूर घेतला, आणि मग टेकडी काळी झाल्यावर विटभट्टीवर निघून गेला. मला त्यानं एका शब्दानंही दोष दिला नाही. उलट जाताना म्हणाला, "तुमचा इलाज नव्हता, कोंपाद्रे. तुमची नोकरी आहे." ते अजून कानात आहे.

का बोललो नाही, हे तुम्ही विचाराल. मी स्वतःला नोकरीचं कारण सांगितलं, मग आईचं. खरं कारण सांगतो. सभेत बसल्या बसल्या मनात आलं की एक टेकडी जळणारच आहे, तर ती आमची नको. सगळ्यांसमोर, तुमच्याकडे बघत असताना, हे एवढं स्पष्ट मनात आलं. मी टोपी हातात फिरवत राहिलो.

मारिक्रूस फाटकापाशी हसली नसती तर मी आजही गप्प राहिलो असतो. स्वतःला सुधारलेला समजू नये म्हणून हे लिहून ठेवतो. तुमची टेकडी जळली तेव्हा मला झोप लागत होती. त्या पोरीनं स्वतःचं गाव खोडून माझं गाव लिहिलं आणि वर माझ्याकडून शाबासकीची वाट बघितली, ते मला सहन झालं नाही. एवढंच मोठं माझं मन आहे.

उद्या सकाळी डॉक्टरांना लेखी देणार आहे. तारीख, ठिकाण, एकतीस नळ्या, मेलेली जनावरं, सगळं. त्याचं काय होईल ते मला माहीत आहे. गावाचं नाव काढलं की दुसरं घालावं लागतं. आईला अजून सांगितलेलं नाही. मारिक्रूसचा अर्जही पुन्हा उघडतील. तिला म्हणावं, कुणी विचारण्याआधी स्वतःच खरं गाव लिही. तोपर्यंत ते नाव कदाचित तिला परत घेण्यासारखं झालेलं असेल. कदाचित होणारही नाही. एकदा बोटं पुसली की लोक कारण विसरतात, पुसायचं विसरत नाहीत.

हे पत्र तुमचं आहे. रविवारी सभेत वाचून दाखवलंत तर चालेल. ताचोला आधी दाखवा. लिबोरिओला देऊ नका, तो खिळे ठोकेल.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि अठरा वर्षांत तुम्ही मला उत्तर देताना कधी खोटं बोलला नाहीत.

दोनशे माणसांत गप्प बसलेला,
फिदेन्सिओ


शुक्रवार, १७ जानेवारी

नऊ वाजता डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. म्हणाल्या, "खरं ठिकाण इथे लिहा, तुमच्या हातानं." मी नोरिया सेका लिहिलं. प्रयोगशाळेच्या आणि गाडीच्या किल्ल्या दिल्या. दहा वाजता आईला फोन केला. आज तिचा बाजाराचा दिवस. ती म्हणाली, "नंतर बोल, समोर गिऱ्हाईक उभं आहे."